आशियाशी नातं जोडताय? न्यूझीलंडच्या या चुका टाळा

न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम अर्धा कोटी. तिथलं दूध, फळं, मांस घरच्या घरी संपणं शक्यच नाही, म्हणून आशियातलं गिऱ्हाईक हवंच. २००८ मध्ये चीनशी मुक्त व्यापार करार करणारा तो पहिला विकसित देश. पण करारानंतर कुठे अडलं, हे इतर छोट्या देशांनी नीट पाहावं.

भागीदाराच्या भरवशावर गप्प बसणं

ही सर्वांत महागात पडलेली चूक. चीनच्या सानलू कंपनीत न्यूझीलंडच्या फाँटेरा या दूध कंपनीचा ४३ टक्के हिस्सा होता. बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे घातक रसायन असल्याचं फाँटेराला २ ऑगस्ट २००८ ला कळलं. कंपनीने सानलूवर आणि स्थानिक अधिकाऱ्यांवर दबाव आणला, पण स्वतः जाहीर काही बोलली नाही. पंतप्रधान हेलन क्लार्क यांना सप्टेंबरमध्ये समजलं, तेव्हा त्यांनी थेट बीजिंगला कळवायला लावलं. तोवर महिना उलटला होता. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. लेकरांच्या जिवाचा प्रश्न असताना स्थानिक रीत सांभाळत बसू नये. कुणी, कुणाला, किती तासांत कळवायचं, हे भागीदारी करतानाच लिहून घ्या.

सगळा माल एकाच दारात

तिथली जिवंत शेवंड (लॉबस्टर) जवळपास सगळीच चीनला जाते. जानेवारी २०२० मध्ये कोरोनामुळे मागणी एकदम थांबली आणि पकडलेली शेवंड टाक्यांत अडकून पडली. काही तर परत समुद्रात सोडायची परवानगी द्यावी लागली. भाव थोडा कमी मिळाला तरी दुसरं, तिसरं गिऱ्हाईक आधीच बांधून ठेवा.

संस्कृती म्हणजे फक्त सण

ऑकलंडचा कंदील महोत्सव २००० पासून आणि दिवाळी २००२ पासून साजरी होते, गर्दीही उत्तम असते. पण एवढ्यावर ओळख होत नाही. एशिया न्यूझीलंड फाउंडेशन पत्रकारांना आणि विद्यार्थ्यांना आशियात पाठवतं, ते काम मला जास्त मोलाचं वाटतं. पैसा कमी असेल तर आधी तिथे लावा.

समोरच्याला देता येणार नाही तेच मागणं

भारताशी मुक्त व्यापाराची बोलणी २०१० मध्ये सुरू झाली आणि दहा फेऱ्यांनंतर २०१५ मध्ये थंडावली. मुख्य अडचण दुधाची. कोल्हापूर-सांगलीकडे दोन-तीन म्हशींवर घर चालवणारी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारी कुटुंबं पाहिली असती, तर कुठलंही भारत सरकार हे दार उघडणार नाही, हे तेव्हाच उमगलं असतं. मार्च २०२५ मध्ये बोलणी पुन्हा सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात पूर्ण झाली. भारताने दुग्धजन्य पदार्थ बाहेरच ठेवले; सफरचंद आणि किवीला मात्र सवलत मिळाली. वाशीच्या फळबाजारात ही दोन्ही फळं कधीपासून येतात. सुरुवात तिथूनच करायला हवी होती.