प्रोफाईल स्पॉटमधला गोबो आणि जिलेटीन कसे बदलावे

नाटकात अंगणात पानांची सावली पडते किंवा खिडकीच्या गजांतून तिरीप येते, ती बहुधा प्रोफाईल स्पॉटमधल्या गोबोमुळे. प्रोफाईल स्पॉट म्हणजे लेन्सने रेखीव कडेचा झोत टाकणारा रंगमंचावरचा दिवा; गोबो म्हणजे नक्षी कापलेली, बहुधा स्टीलची पातळ चकती; जिलेटीन म्हणजे प्रकाशाला रंग देणारी फिल्म.

दोघांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि हे समजले की पुढचे सगळे सोपे जाते. गोबो बसतो स्पॉटच्या मधोमध, झोताची कड कापणाऱ्या शटरच्या पात्यांजवळच्या खाचेत. लेन्स याच जागेची प्रतिमा रंगमंचावर उमटवते, म्हणून नक्षीची कड रेखीव येते. उष्णताही इथे प्रचंड असते. जिलेटीन बसते लेन्सच्या पुढे, बाहेरच्या फ्रेममध्ये. तिथली सुरकुती रंगमंचावर दिसत नाही. तेच जिलेटीन गोबोच्या खाचेत घातले तर लगेच वितळेल.

आता काम. डिमर (दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारे यंत्र) शून्यावर आणला म्हणजे वीज तुटली असे समजू नका, त्या सर्किटचा स्विच बंद करा. हॅलोजन स्पॉट निवू द्या. घाई असेल तरी चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय गोबो धरणाऱ्या होल्डरला हात लावू नका. शिडी खाली कुणीतरी धरलेली हवी, आणि रंगमंचावर त्या जागेखाली कुणी उभे नको.

गोबोचे माप आधी पाहा: ‘ए’ १०० मिलिमीटर, ‘बी’ ८६, ‘एम’ ६६. ‘सोर्स फोर’ या प्रचलित मॉडेलसारख्या स्पॉटला ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही चालतात, पण होल्डर मापाचाच लागतो. गोबो काचेचाही असतो, त्याचा होल्डर वेगळा.

सर्वाधिक गोंधळ दिशेचा होतो. लेन्समधून प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी अशी दोन्ही प्रकारे उलटते. म्हणून स्पॉटच्या मागे, रंगमंचाकडे तोंड करून उभे राहा. गोबो सुलटा दिसेल असा समोर धरा, मग पाठपोट न बदलता अर्धा फेरा फिरवा आणि तसाच खाचेत सरकवा. अक्षरे असतील तर हे विसरून चालतच नाही. काचेच्या गोबोची लेप असलेली बाजू बल्बकडे ठेवा. ती ओळखायला पेन्सिलीचे टोक काचेजवळ न्या: टोक आणि त्याचे प्रतिबिंब जिथे एकमेकांना भिडतात, ती लेपाची बाजू.

जिलेटीन फ्रेमच्या मापाने चौकोनी कापा. सोर्स फोरच्या नेहमीच्या फ्रेमसाठी १५९ मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा इंच. कोपऱ्यावर मार्करने रंगाचा नंबर लिहा, नाहीतर अंधारात दोन निळे सारखेच वाटतात. फ्रेम पुढच्या खाचेत सरकवल्यावर वरची खिट्टी लावायलाच हवी. ती उघडी राहिली तर स्पॉट तिरका करताना फ्रेम खाली पडू शकते.

मग स्विच चालू करा, दिवा हळूहळू वर आणा आणि लेन्सची नळी पुढे-मागे सरकवून फोकस करा. पानांची सावली मला थोडी धूसरच आवडते. कड तीक्ष्ण ठेवली की पत्र्यातून कापल्यासारखी वाटते. गज मात्र रेखीव हवेत.

गडद निळे जिलेटीन, विशेषतः ‘ली’ कंपनीचे १८१ नंबरचे काँगो ब्लू, फार थोडा प्रकाश पुढे सोडते. उरलेला शोषून ते तापते आणि लवकर फिके पडते. त्याचे जादा तुकडे कापून प्रयोगाला सोबत न्या.