बांबूच्या बुडख्यातून बुद्धमूर्ती

शांघायच्या ज्यादिंग भागात मिंग काळापासून बांबूकोरीव काम चालत आलंय. तिथे माओ बांबू वापरतात. आपल्याकडे मानवेल जातीचा बांबू घ्या, तो बुडाशी जवळपास भरीव असतो. कटांग जातीचा जाड दिसला तरी पोकळी आड येते.

धुऱ्यावरच्या रांजीतला (बांबूच्या बेटातला) तीन वर्षांवरचा बांबू दिवाळीनंतर काढा. बाहेरच्या कडेचे बुडखे खणू नका, नवे कोंब तिकडूनच फुटतात. बुडख्याचा आठ-नऊ इंचांचा तुकडा पाण्यात तासभर उकळा. मग लिटरमागे 30 ग्रॅम बोरॅक्स आणि 20 ग्रॅम बोरिक ॲसिड घालून त्यात आठवडाभर बुडवा, नाहीतर भुंगा पीठ पाडतो. दोन्ही तोंडांना मेण लावून कोरड्या कुटारात (भुशात), सावलीत, दोन-तीन महिने वाळवा. उन्हात ठेवला की बाहेरची साल आधी आकसते आणि उभी चीर जाते. एप्रिल-मेच्या उन्हात तर हमखास.

आता तुकडा उलटा धरा, मुळाकडचं टोक वर. मुळं छाटल्यावर जे गोल ठिपके उरतात, तेच बुद्धाचे कुरळे केस. म्हणून तिथे कानस अजिबात लावू नका. पद्मासनात गुडघ्यांमधलं अंतर उंचीच्या जवळपास जातं, म्हणून तीन इंच जाडीच्या बुडख्यातून चार इंचांपेक्षा उंच बैठी मूर्ती निघत नाही. (दुकानातला पोटवाला ‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे बुदाई नावाचा चिनी भिक्खू. तो वेगळा.)

आधी नाकाची जागा पेन्सिलीने ठरवा आणि ती बाहेरच्या घट्ट थरातच ठेवा. आत जाल तसे धागे जाड आणि विरळ होतात, तिथे पापणी टिकत नाही. बांबूचे धागे उभे असतात, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकाखाली अगोदर पटाशीने आडवा काप द्या, मग वरून कापाकडे पातळ छिलका काढा. काप न देता पटाशी चालवली तर सालपट थेट छातीपर्यंत निघतं आणि तो तुकडा वाया जातो. डोळे अर्धे मिटलेले, वरची पापणी जाड ठेवा. ओठांची रेघ सर्वांत शेवटी. रोज काम थांबवताना ओलसर फडक्यात गुंडाळा.

120, 220, 400 नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने, कायम धाग्याच्या दिशेने. शेवटी चार भाग जवसाचं तेल आणि एक भाग मधमाशीचं मेण गरम पाण्यावर वितळवून पातळ हात द्या, अर्ध्या तासाने पुसा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.