दिव्यांगांसाठी गावपातळीवर समन्वयक व्हायचंय? मग हे वाचा

बारा वर्षं मी जुन्नर तालुक्यात हे काम करतेय. मी थेरपिस्ट नाही, शिक्षिका नाही, सरकारी नोकरीतही नाही. दिव्यांग माणसाच्या घरापासून दवाखाना, शाळा, तहसील, ग्रामपंचायत इथवरची वाट चालू ठेवायची आणि जिथे अडेल तिथे जाऊन बसायचं, हे माझं काम.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलीत तर उत्तम. पुण्यात कर्वे संस्था आहे, मुंबईत टाटा संस्था आणि निर्मला निकेतन. गावपातळीवरच काम करायचं असेल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेने २०२१ साली सुरू केलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम बघा. तो करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. पण कुठल्याही प्रवेशाआधी एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर आठवडाभर घरभेटींना जा. हे काम आपल्याला झेपेल का, ते तिथेच कळतं.

घरभेटीत पहिला प्रश्न कागदांचा नको. “सकाळी उठल्यापासून काय काय होतं?” असं विचारा. आणि ते त्या माणसालाच विचारा, शेजारी बसलेल्या आईला नाही. बोलता येत नसेल तर डोळे, मान, हात यांतून उत्तर येतं. थांबायची तयारी ठेवा. एका घरी मी व्हीलचेअर मिळवून द्यायच्या तयारीनेच गेले होते. मुलगी सारखी मागच्या दाराकडे बघत होती. संडास परसात, वाटेत दोन पायऱ्या, त्यामुळे आई येईपर्यंत ती पाणीच पीत नसे. तिला खुर्चीच्या आधी उतार हवा होता.

त्यासाठी ग्रामपंचायतीकडे जायचं. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं तिला बंधनकारक आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) तोंडी विनंती करून भागत नाही. अर्ज द्या, पोच घ्या, ग्रामसभेत विषय मांडा.

कागदपत्रांत एकामागे एक दारं असतात. पेन्शनसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज, त्याला आधार. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या एका मुलाच्या मुठी उघडत नव्हत्या, म्हणून आधार केंद्रावरून त्याला तीनदा परत पाठवलं. बोटांचे ठसे येत नसतील तर अपवाद म्हणून नोंदणी करता येते, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या पोराला तीन वेळा एसटीने आणलं-नेलं, आणि प्रत्येक खेपेला त्याच्या वडिलांचा रोजगार बुडला. ते आजही मला लागून राहिलंय. नियम आधी स्वतः वाचा, मगच माणसाला घराबाहेर काढा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार माहीत हवेत आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट कुठे लागते तेही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, एक लाखापर्यंतचा. यातलं मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान ठरतं. पुढे त्याचं कायदेशीर पालकत्व हवं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. पुष्कळ आईबापांना हे बँकेत अडल्यावर कळतं. सोळाव्या-सतराव्या वर्षीच विषय काढा. मात्र ज्याला आपलं आपण ठरवता येतं, त्याच्यावर निव्वळ सोयीसाठी पालक लादू नका.

नोंदवहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने ठेवा: काय अडलंय, कोणाकडे अडलंय, पुढची तारीख. दर सोमवारी मी तारखांच्या रकान्यावरून बोट फिरवते. जिथे तारीख नाही, त्याला त्याच दिवशी फोन करते.

मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर प्रवासभत्त्याचंही विचारा. आणे-ओतूरकडच्या वाड्या-वस्त्यांवर रोजच्या पेट्रोलमध्येच पगार संपतो, म्हणून तो आकडा नेमणूकपत्रावर लिहून घ्या.