पावसाळ्यात बाग, घर आणि पाळीव प्राणी: एकावर उपाय करताना दुसऱ्याला मारणाऱ्या या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्नांची रांग लागते, गोगलगायींनी झाडं खाल्ली, कुत्र्याला गोचीड झाली, पार्किंगमध्ये घूस दिसली, आणि प्रत्येक प्रश्नाखाली पाच मिनिटांत कुणीतरी कसलीतरी पावडर नाहीतर गोळी सुचवतं. माझं म्हणणं एवढंच आहे की घरात, बाल्कनीत किंवा जिन्याखाली काहीही टाकण्याआधी तिथे अजून कोण वावरतं ते बघा. पावसाळ्यात होणारे बरेचसे घोळ हे न बघितल्यामुळेच होतात.

गोगलगायींपासूनच सुरू करू. मोठ्या तपकिरी शंखाच्या ज्या येतात त्या आफ्रिकन गोगलगायी, 2022 च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे यांनीच कोवळं सोयाबीन खाऊन टाकलं होतं आणि शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. शहरात या दिवसा कुंडीच्या बुडाखाली लपून बसतात आणि रात्री झेंडू, पालक, कोवळी रोपं साफ करतात. लोक काय करतात, तर कुंडीतच मीठ टाकतात. गोगलगाय मरते हो, पण ते मीठ पावसाच्या पाण्याबरोबर मुळांशी जातं आणि झाडही जळतं. दुसरा उपाय म्हणजे दुकानात मिळणारं मेटाल्डिहाइडचं दाणेदार आमिष, आणि घरात किंवा आवारात कुत्रं असेल तर कृपा करून हे वापरू नका. ते कोंड्यासारख्या खाद्यात मिसळलेलं असतं त्यामुळे कुत्री ते चाटून खातात, मग थरथर सुरू होते, झटके येतात, अंग तापतं, आणि यावर उतारा असं औषध नाही, डॉक्टर फक्त झटके थांबवू शकतात आणि तेही वेळेत पोचलात तर. जनावराने खाल्लंय अशी नुसती शंका आली तरी पाकीट बरोबर घेऊन लगेच निघा, दूध पाजून वाट बघत बसू नका.

खात्रीचा उपाय म्हणजे कृषी खातं शेतकऱ्यांना सांगतं तोच, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांच्या मध्ये पसरायचं, रात्रीतून त्या त्याच्याखाली जमतात, सकाळी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. पण हातमोजे घालूनच, कारण यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, आणि मुलांना तर हात लावूच देऊ नका. कुंडीची माती वरवर उकरून बघा, साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी एका ठिकाणी शंभर-दोनशे सापडतात. ती काढली नाहीत तर मोठ्या गोगलगायी कितीही वेचा, काही दिवसांनी परत तेच.

डासांचं पण असंच. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा ओतून टाकली म्हणजे झालं असं वाटतं, पण डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात, परत पाणी आलं की फुटतात. म्हणून ताटली, पक्ष्यांचं भांडं, मनी प्लँटची बाटली, फ्रिजच्या मागचा ट्रे हे सगळं काथ्याने घासायचं, नुसतं विसळून चालत नाही. जूनमध्ये कूलर गॅलरीत ढकलून वर ताडपत्री टाकतो ना, त्या कूलरच्या टाकीत आणि ताडपत्रीच्या खळग्यात दोन्हीकडे पाणी साठतं. कुंडी उकरणाऱ्या मांजरींसाठी मातीवर करवंट्या ठेवत असाल तर चांगलंच, फक्त पालथ्या ठेवा, उताण्या करवंटीत डासांची पैदास होते. ताटलीत रॉकेल ओतू नका, झाड जाईल. सोसायटीच्या हौदात गप्पी मासे सोडणं ठीक आहे, पण उरलेले मासे नदीत किंवा तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

आता गोचीड. कुत्र्याच्या अंगावर जेवढ्या दिसतात त्याच्या कितीतरी पट घरात असतात, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, गादीच्या शिवणीत, आणि एक मादी हजारो अंडी घालते. म्हणजे नुसतं कुत्र्याला औषध लावलं आणि फटी तशाच ठेवल्या की त्रास परत सुरू, मग लोक म्हणतात औषधच बोगस. बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. कुत्रं जेवत नाही, ताप आहे, हिरड्या पांढरट दिसतायत किंवा नाकातून रक्त आलं तर गोचीडतापाची शंका घ्या आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

आणि ज्यांच्याकडे कुत्रा-मांजर दोन्ही आहेत त्यांनी हे नीट वाचा: कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजरीला जिवावर बेततं. मांजरीला ते लावणं तर दूरच, औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपली किंवा त्याला चाटली तरी धोका आहे. पाकिटावरची घटकांची नावं बघा, डॉक्टरांना घरात मांजर आहे हे आपणहून सांगा. फिनेलचंही तेच, ओल्या फिनेलवरून चालून मांजर पाय चाटते. डांबरगोळ्या कुंड्यांत टाकून साप-मांजरं पळवायची पद्धत तर बंदच करा, कुणीतरी तोंडात घातली की संपलं.

उंदीर-घुशींना विष घालताना हाच विचार. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, लटपटत फिरतो आणि सहज सापडतो म्हणून मांजर नाहीतर गव्हाणी घुबड तो उचलतं. त्यापेक्षा कचऱ्याचे डबे बंद, ड्रेनेजला जाळ्या आणि पिंजरे, वेळ लागतो पण जमतं. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार पसरतो, कुत्र्यांनाही होतो, त्याची लस दरवर्षी द्यायची असते आणि ती पावसाआधीच. तुंबलेल्या पाण्यातून तुम्ही स्वतः चालत आलात, त्यात पायाला जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा, ताप यायची वाट बघू नका.

कुंड्यांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट म्हणजे ओल्या मातीत मान टाकलेलं झाड. मुळं कुजल्यामुळे ते पाणी ओढू शकत नसतं आणि आपण तहानलंय समजून अजून पाणी घालतो, वर खत देतो. आधी बोट मातीत खुपसा, ओल असेल तर पाणी बंद, बुडाचं भोक काडीने मोकळं करा, ताटली काढा. अडेनियमचा बुंधा दाबून बघा, मऊ लागला तर कुजलेला भाग निरोगी गरापर्यंत कापून ते झाड काही दिवस कोरड्यात ठेवा. उलट स्लॅबखालच्या कुंड्या धो-धो पावसातही कोरड्या राहतात, त्यांना पाणी द्यावंच लागतं.

झाडांची छाटणी मे-जूनमध्ये आठवते ही पण चूक. शहरात सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे, आणि तोवर कावळ्यांची घरटी फांद्यांवर आलेली असतात, पावसात काही ठिकाणी बगळेही वसतात. अर्ज थंडी संपता संपताच द्या, आणि फांदी तोडायला माणूस चढण्याआधी खालून एकदा घरटं आहे का ते बघा, असेल तर तेवढी फांदी पिल्लं उडेपर्यंत ठेवायला सांगा.