एचओ मोडून एन उभारताय? मग या चुका टाळा

मॉडेल रेल्वेचं मोठं एचओ लेआउट मोडून त्याच खोलीत एन स्केलवर नव्यानं सुरुवात करणाऱ्यांची घाई ठरलेली असते. जुने ट्रॅक उखडून होईपर्यंत नव्याची ऑर्डर गेलेली असते. खऱ्या गाडीच्या मानानं एचओ १:८७, एन १:१६०. ८७ ला १६० नं भागलं की ०.५४ येतात, क्षेत्रफळ तर तीस टक्क्यांवर उतरतं. एवढा हिशेब झाला की माणूस हवेत. त्याच खोलीत गोव्याकडे उतरणारी लाइन, म्हणजे लोंढा यार्ड, तिनईघाट, कॅसलरॉक आणि खाली कुळेपर्यंत सगळं बसणार, असं त्याला दिसायला लागतं. बसतंही, पण कागदावर.

जुना नकाशा ०.५४ नं गुणणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त होणारीही.

गाडी लहान होते, माणूस होत नाही. एचओला दोन टेबलांमध्ये ७५ सेंमी वाट ठेवली असेल तर ०.५४ नं ती ४० सेंमी होते. तिथून आडवं होऊनसुद्धा जाता येत नाही. हात पुढे पोचतो तो जेमतेम ७५ सेंमी, मग स्केल कुठलंही असो. त्यापलीकडे पॉइंट, म्हणजे गाडीची लाइन बदलणारा सांधा, टाकलात तर घसरलेला डबा उचलताना कोपरानं अलीकडचा सिग्नल मोडणार. यार्डातही तेच. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन लायनींत मध्यापासून मध्यापर्यंत ५.३ मीटर धरले तर एनमध्ये ३३ मिमी होतात, आणि काटो कंपनीचा दुहेरी ट्रॅकही ३३ मिमीचाच आहे. धावत्या लायनीला ते उत्तम. पण यार्डात उभ्या दोन गाड्यांच्या मध्ये बोटं घालायची असतील तर ३८ ते ४० मिमी ठेवा. एखादी लाइन कमी झाली तर होऊ दे.

खरी गंमत हेलिक्सला, म्हणजे गाडीला गोल गोल वर चढवणाऱ्या चकरीला होते. प्लायची जाडी ०.५४ नं कमी होत नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही. एनमध्ये रुळाच्या माथ्यापासून वर मोकळी जागा ४५ मिमी लागते. त्यात ६ मिमी प्लाय, कॉर्क आणि ट्रॅक मिळून ४ मिमी. म्हणजे एका फेऱ्याला चढ ५५ मिमी. आता ३१५ मिमी त्रिज्येचा फेरा घेतला तर त्याचा परीघ १९७९ मिमी, म्हणजे चढ १ ला ३६. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रॅगांझा घाट १ ला ३७ चा आहे, आणि तिथे खऱ्या गाड्यांना बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लावावे लागतात. तुमचं एका मोटरचं इंजिन त्याहून कडक चढ, तोही अखंड वळणावर, एकट्यानं चढणार आहे होय?

खानापूरकडच्या एका कौलारू घराच्या माळ्यावर अगदी हेच झालं. ३१५ चा हेलिक्स, सहा फेरे. चाचणीला पाच डबे लावले, सुरेख चढले. लगेच खाली डोंगर झाला, प्लास्टर झालं, हिरवळसुद्धा चिकटली. मग चौदा डब्यांची गाडी सोडली, तर तिसऱ्या फेऱ्याला मधले डबे आतल्या बाजूला कलंडले. मालकांनी आधी ट्रॅकला दोष दिला आणि दोन सांधे बदलले. मग दुसरं इंजिन पुढे जोडलं. ओढ वाढली, त्यामुळे आता डबे दुसऱ्याच फेऱ्याला पडायला लागले. मग कमी वेगानं चालवून पाहिलं, तर इंजिनाची चाकं जागेवरच फिरत राहिली.

दोष वजनात होता. पुढचे आठ डबे थ्रीडी प्रिंटचे, जेमतेम वीस-वीस ग्रॅमचे. मागचे सहा धातूच्या चासीचे, जड. वळणावर पुढून ओढ आणि मागून वजन आलं की मधले हलके डबे ताणलेल्या दोरीसारखे आत खेचले जातात. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचं, एनएमआरएचं, एनसाठीचं माप सोपं आहे: सुरुवातीला अर्धा औंस, वर लांबीच्या प्रत्येक इंचाला ०.१५ औंस. आयसीएफचा (चेन्नईच्या कोच फॅक्टरीचा) डबा बफरसह २२.३ मीटर, एनमध्ये १३९ मिमी. त्याला साधारण ३७ ग्रॅम लागतात. फरशीच्या आत शिशाची पट्टी चिकटवा, छताखाली नको, नाहीतर डबा डोक्यानं जड होतो. एवढं केल्यावर ती गाडी चढली, पण धापा टाकत. शेवटी प्लास्टर फोडून हेलिक्स ४०० मिमी त्रिज्येचा केला. तेव्हा चढ १ ला ४५ वर आला आणि एक इंजिन पुढे, एक मागे लावून गाडी बिनबोभाट वर जायला लागली. डोंगर मात्र नव्यानं करावा लागला.

हे टाळायला फार काही लागत नाही. १८५ सेंमीची सरळ फळी घ्या, एक टोक ५ सेंमी उचला, झाला १ ला ३७ चा चढ. त्यावर तुमची सगळ्यात लांब गाडी चढवून बघा. सरळ चढावरच दमली तर वळणावरची आशा सोडा. चढली, तर पुठ्ठ्यावर हेलिक्सचा एक पूर्ण फेरा मांडा, खाली पुस्तकांचे थर लावा आणि पूर्ण गाडीनं चाचणी घ्या, पाच डब्यांनी नव्हे. करवत त्यानंतर.

पावसाळ्यात ट्रॅक घट्ट बसवणे

बेळगावच्या पावसाची सवय माणसांना आहे, लाकडाला नाही. जुलैत दुकानातून आणलेला प्लाय फुगलेलाच असतो. त्यावर श्रावणात रूळ एकमेकांना टेकवून बसवले की दिवाळीपर्यंत सगळं झकास दिसतं. थंडी सरून कोरडी हवा आली की लाकूड आवळतं, रुळांना जायला जागा उरत नाही आणि शिमग्याच्या सुमारास सरळ लायनीत नागमोड येते. एचओला १६.५ मिमी गेजमध्ये थोडी नागमोड खपून जाते. एनच्या ९ मिमीत तीच गाडी पाडते. त्यात कौलांखाली किंवा तापलेल्या स्लॅबखाली खोली असेल तर उन्हाचंही धरा. निकल सिल्व्हरचा ३ मीटर रूळ तापमानात २० अंशांचा फरक पडला की १ मिमी वाढतो.

उपाय सगळे जुनेच आहेत, फक्त कंटाळवाणे. प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या दर्जाचा, १२ मिमी. एमडीएफ स्वस्त पडतो म्हणून आणू नका, कडा पहिल्याच पावसात फुलतात. आणलेला प्लाय त्याच खोलीत, मध्ये रिपा घालून, दोन-तीन आठवडे पडू द्या. मग दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना ऑइल पेंटचे दोन हात. फक्त वरची बाजू रंगवणारे पुष्कळ भेटतात. ओल खालून येते. वळणावरचे सांधे सोल्डर करा, सरळीतले मोकळे ठेवा. फट किती ठेवायची? एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. ते सांध्यात उभं धरा, रूळ त्याला टेकवा, कार्ड काढून घ्या. भर उन्हाळ्यात बसवत असाल तर फट याच्या निम्मी पुरते. आणि मोकळ्या सांध्यातून करंट जाईल या भरवशावर राहू नका, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा फीडर, म्हणजे खालून करंट आणणारी वायर, हवा.

पाय लाकडाचे नकोत. उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेटरकडे २५ मिमी चौकोनी पाइपचे पाय करून मिळतात, खाली लेव्हलिंग बोल्ट घ्या. वाळवीचा प्रश्न तिथेच संपतो.

एक्सपीएस फोमचा (थर्माकोलच्या घट्ट भावंडाचा) थर देणार असाल तर तो सॉल्व्हंटच्या गोंदानं चिकटवू नका, फोम वितळतो. पांढरा फेविकॉल चालतो, पण रंगवलेला प्लाय आणि फोम यांच्यामध्ये त्याला हवा मिळत नाही, आठवडाभरानंही आत ओलाच सापडतो. ॲक्रिलिक सीलंटचे पातळ पट्टे ओढा, वर वजन ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका.

जुना बूस्टर तसाच जोडणे

एचओला घेतलेला ५ अँपिअरचा डीसीसी बूस्टर (रुळांना डिजिटल कंट्रोलचा करंट पुरवणारा डबा) एनवर लावला तर शॉर्ट झाल्यावर तो ट्रिप व्हायच्या आधी बोगीचं प्लास्टिक मऊ होतं. ३ अँपिअर पुरतात, किंवा मध्ये सर्किट ब्रेकर टाका. व्होल्टेज १२–१३ वर आणा. टेबलाखालून बस वायर, म्हणजे मुख्य वायर, १.५ चौरस मिमीची, तिथून दर मीटरला ०.५ चा फीडर. मग लेआउटभर प्रत्येक मीटरला रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवून बघा. प्रत्येक ठिकाणी बूस्टर ताबडतोब ट्रिप झाला पाहिजे. जिथे होत नाही तिथे सोल्डर कच्चा आहे. ॲसिड फ्लक्स वापरला असेल तर तो नंतर रूळ आणि वायर दोन्ही खातो. रोझिनचाच घ्या.

बाकीच्या, थोडक्यात

रूळ पॉलिश पेपरनं घासू नका. एनची गाडी हलकी, तिला चरे पडलेल्या रुळावर करंट मिळत नाही, आणि चऱ्यांत धूळ बसते ती वेगळीच. सुती फडकं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल बास. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ सोल्डरिंग गन नको.

कपलिंग पहिल्याच दिवशी एक ठरवा. रॅपिडो, काटो आणि नकल यांची खिचडी झाली की गाडी घाटात मधोमध तुटते आणि उरलेले डबे खाली पळत सुटतात.

मीटरगेजची आठवण म्हणून ९ मिमी ट्रॅकवर जुनी लोंढा लाइन करायचा हट्ट धरणारेही आहेत. १६० नं गुणलं तर ९ मिमी म्हणजे १४४० मिमी. मीटरगेजला ६.२५ मिमी लागतात, ब्रॉडगेजला १०.५. दोन्ही जुळत नाहीत. ब्रॉडगेज म्हणून चालवा, नजरेला खपतं. मीटरगेजच हवं असेल तर एनहून लहान अशा झेड स्केलचा ६.५ मिमी ट्रॅक जवळचा, पण मग बोग्या हातानं करायची तयारी ठेवा.

डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाची बॉडी प्रिंट करून घेण्याआधी चासी हातात असू द्या. इंजिन बफरसह १७.१२ मीटर, एनमध्ये १०७ मिमी. आधी बॉडी छापून मग चासी शोधणाऱ्यांच्या कपाटात रिकाम्या बॉड्यांची रांग लागते.

आणि एचओचा माल लगेच फुंकून टाकू नका. पॉइंट मोटर, टॉगल स्विच, बस वायर, एलईडी, मीटर हे सगळं एनला जसंच्या तसं चालतं. विकायचं ते ट्रॅक, डबे, इंजिनं आणि इमारती. तेही एनचा पहिला लूप आठवडाभर न घसरता चालल्यावर.