फार्देस्ट की फर्देस्ट? कुठं काय लावायचं

ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने पनवेलला निघालात की पहिलं दिघा गाव, मग बऱ्याच वेळाने तुर्भे आणि सगळ्यात लांब पनवेल. हे इंग्लिशमधे सांगताना बरेच जण मोस्ट फार म्हणतात, काही जण फारेस्ट, आणि दोन्ही चूक, कारण फार (far, म्हणजे लांब) हा इंग्लिश शब्द टॉल-टॉलर-टॉलेस्ट सारखा सरळ चालतच नाही, गुड-बेटर-बेस्ट सारखा रूप बदलतो.

जोड्या दोन आहेत. एक फार्दर-फार्देस्ट, दुसरी फर्दर-फर्देस्ट. मराठीत लिहिलं तर फरक फक्त एका कान्याचा, स्पेलिंगमधे एफ नंतर ए की यू एवढाच.

मोजता येणारं अंतर असेल तर काना द्या. पनवेल इज द फार्देस्ट स्टेशन ऑन धिस लाइन. नेपच्यून इज द फार्देस्ट प्लॅनेट फ्रॉम द सन, आणि घरात जुनं पुस्तक असेल नि त्यात प्लुटो लिहिलेला असेल तर मुलांना सांगा की २००६ पासून तो ग्रहांच्या यादीत नाही.

किलोमीटरचा संबंधच नाही, म्हणजे शिक्षण, विचार, वाद कुठवर गेला असं काही असेल तर काना काढा. घरात सगळ्यात जास्त शिकलेल्या मुलीबद्दल शी हॅज गॉन फर्देस्ट इन हर स्टडीज. किंवा नातेवाईक स्थळांचा विषय काढतात तेव्हा, मॅरेज इज द फर्देस्ट थिंग फ्रॉम माय माइंड, म्हणजे डोक्यात तो विचार अजिबात नाही. हे वाक्य खरंच शिकून ठेवा, खूप कामाचं आहे.

आता हा भेद अमेरिकन इंग्लिशमधे जास्त पाळतात, ब्रिटिश लोक अंतरालाही फर्देस्ट सर्रास वापरतात, त्यामुळे अडलात तर बिनधास्त फर्देस्ट टाका. उलटं मात्र करू नका, शिक्षण-विचारांना फार्देस्ट लावलं तर खटकतं, आणि फर्दर इन्फर्मेशन, फर्दर स्टडीज इथे तर फार्दर चालतच नाही.

दोनच गोष्टींची तुलना असेल तर एस्ट लावायचं नाही. वाशी आणि बेलापूर दोनच असतील तर ठाण्याहून बेलापूर इज फार्दर, तिसरं खारघर आलं की मग खारघर इज द फार्देस्ट ऑफ द थ्री.

मराठीत द नसतो म्हणून आपल्याकडून तो हमखास राहतो, पण पुढे स्टेशन, प्लॅनेट, थिंग असं नाम असलं की तो हवाच. आणि लय लांब म्हणायला व्हेरी फार ठीक आहे, व्हेरी फार्देस्ट नको. इतरांपेक्षा कितीतरी लांब असं ठासून सांगायचं असेल तर बाय फार द फार्देस्ट म्हणा.

मुलांना नियम पाठ करायला लावू नका प्लीज, प्रत्येक वाक्याला एकच विचारा, हे किलोमीटरमधे मोजता येईल का?