अर्ध्या तासात कोल्हा, चिखल न होता

तीस मिनिटांचा गजर लावून ग्वाशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगात, कोल्हा रंगवायचा, असं ठरवलं होतं. पहिल्या तीनही कोल्ह्यांचा चिखल झाला. छातीवर पांढरा लावला की खालचा तांबूस उठून त्यात मिसळायचा आणि छाती गुलाबी व्हायची. चूक रंगाची नव्हती, पाण्याची होती. ग्वाश वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो, आणि मी तर घाईत ओल्यावरच ओलं लावत होतो.

चौथ्या वेळी अर्धा इंची चपटा ब्रश घेतला. पहिली दहा मिनिटं फक्त तीन छटा: अंगाचा तांबूस, सावलीचा गडद तपकिरी, छातीचा फिकट करडा. डोळे, मिशा काही नाही. (मिशांचा मोह मला फार!) मग हेअर ड्रायर फिरवला. वरचा थर सायीसारखा दाट ठेवला, ब्रश फडक्यावर टिपला आणि एका जागी एकच फटकारा. दुसऱ्यांदा घासलं की संपलंच. फिकट रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो, म्हणून पांढरा जरा सढळ हाताने घातला.

शेपटीचे केस कोरड्या ब्रशने ओढले. शेवटच्या मिनिटाला डोळ्यात पांढरा ठिपका टाकला, तेव्हा कुठे तो बघायला लागला. मागचे पंजे राहिलेच. ते गवतात लपवले.